मुक्काम की बिऱ्हाड?



परदेशचा प्रवास करून आलेला मनुष्य व्यासपीठावर उभा राहिला, की त्याने नायगाऱ्याचा धबधबा तरी सांगावा, नाही तर न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती तरी सांगाव्यात, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती आज पुरी होणार नाही. मी ज्या जागेविषयी बोलणार आहे ती पाहायला मुद्दाम कोणी जात नाही. विमान चुकले, काम लांबले किंवा घर गेले, म्हणजे मनुष्य तेथे जाऊन पोचतो.

आपल्या भाषेत मुक्काम आणि बिऱ्हाड असे दोन शब्द आहेत आणि आपण ते सहसा एकमेकांच्या जागी वापरीत नाही. मुक्काम पडतो, बिऱ्हाड थाटावे लागते. मुक्कामाला वळकटी पुरते. बिऱ्हाड म्हटले की चूल आली, पोळपाट-लाटणे आले, दूधवाला आला, शेजारी आले आणि शेजाऱ्यांशी भांडणेही आली. आपल्याकडच्या पुष्कळ धर्मशाळांतून तीन दिवसांहून अधिक राहू नये अशी पाटी असे, ती काही उगाच नव्हे. चौथ्या दिवशी उतारू चूल मांडण्याच्या विचाराला लागतो, हे धर्मशाळेच्या कारभाऱ्याला पक्के ठाऊक असे.

अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत हॉटेलांचा एक असा प्रकार वाढला आहे, की त्याने ही पाटीच काढून टाकली. त्याला तिकडे 'एक्स्टेंडेड स्टे' म्हणतात. आपण लांबच्या मुक्कामाचे हॉटेल म्हणू. कॅन्सस राज्यातील विचिटा शहरी १९७५ मध्ये जॅक डीबोअर नावाच्या गृहस्थाने त्याचा पहिला नमुना उभा केला. हा मनुष्य मूळचा हॉटेलवाला नव्हे. भाड्याच्या घरांच्या इमारती बांधणे हा त्याचा धंदा, आणि सत्तरीच्या दशकातील मंदीत त्याचे हात चांगलेच पोळले होते. त्याने केले काय, तर हॉटेलच्या खोलीत चूल आणली. शेगडी, शीतकपाट, भांडी घासायची मोरी आणि जेवायला छोटेसे टेबल. कामासाठी महिना महिना बाहेरगावी राहणाऱ्या माणसाला रोजच्या खाणावळीचा वीट येतो, एवढी साधी गोष्ट त्याने ओळखली. १९८७ मध्ये मॅरियट कंपनीने त्याची हॉटेले विकत घेतली. पुढे १९९५ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथे 'एक्स्टेंडेड स्टे अमेरिका' ह्या कंपनीने हीच कल्पना स्वस्तात, आठवड्याच्या भाड्यावर आणली. ही कंपनी २०२१ मध्ये दोन मोठ्या गुंतवणूक संस्थांनी मिळून सुमारे सहा अब्ज डॉलरना घेतली.

एवढा पैसा ह्या साध्या खोल्यांत कोठून आला, असे आपणांस वाटेल. हिशेब सरळ आहे. येथे भोजनगृह नाही, समारंभाचे दालन नाही, सामान उचलणारे गडी नाहीत. खोली रोज झाडावी लागत नाही, चादरी आठवड्यातून एकदा बदलतात. शिवाय मनुष्य एकदा आला की लवकर हलत नाही, त्यामुळे खोली रिकामी राहत नाही. २०२० च्या महामारीत मोठमोठी हॉटेले ओस पडली, तेव्हा ह्या हॉटेलांना इतरांच्या मानाने कमी झळ लागली.

आपली मराठी तरुण मंडळी ह्या खोल्यांना चांगली ओळखतात. पुण्याच्या कंपनीने सहा-आठ आठवड्यांच्या कामासाठी अमेरिकेला धाडलेला अभियंता पुष्कळदा अशाच ठिकाणी उतरतो. विजेच्या शेगडीवर वरणभात लावतो, मोहरीची फोडणी जरा जोरात झाली की छताला लावलेला धुराचा भोंगा किंचाळू लागतो, आणि हा बिचारा खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालतो. हे मी ऐकीव सांगत नाही. एकाच गावच्या तिघांकडून मी हीच हकीकत ऐकली आहे, फक्त प्रत्येकाच्या कढईत पदार्थ निराळा होता!

आता मी ज्या गावी ही हॉटेले जवळून पाहिली तेथे आपणांस नेतो. जॉर्जिया राज्यातील अटलांटाचा विमानतळ हा जगातील सर्वांत गर्दीचा. पाच समांतर धावपट्ट्या, आणि २०२४ सालात दहा कोटींहून अधिक उतारू. त्याच्या अंगालाच कॉलेज पार्क नावाचे जुने गाव आहे. विमाने वाढली, आवाज वाढला, तेव्हा ह्या गावातील पुष्कळ घरे विकत घेऊन पाडण्यात आली. माणसाने ह्या आवाजात राहू नये, असे सरकारनेच ठरविले. आणि आज विमानतळाच्या भोवती हॉटेलांच्या रांगा उभ्या आहेत.

ह्यात विसंगती दिसते. पण सरकारी कागदात ती नाही. अमेरिकेच्या विमान खात्याने एक तक्ता केला आहे. विमानांच्या आवाजाची दिवसरात्रीची सरासरी काढायची, रात्रीच्या विमानाला दहा डेसिबल वाढवून धरायचे, आणि कोणत्या पट्ट्यात काय असावे ते पाहायचे. ६५ डेसिबलच्या वर राहती घरे असू नयेत, असावीच लागली तर भिंती-खिडक्यांचा बंदोबस्त करून. ७५ च्या वर मात्र राहते घर मुळीच नको. पण 'तात्पुरत्या निवासाची जागा' असे वेगळे कलम त्यात आहे, आणि ती असाच बंदोबस्त केल्यास ७५ ते ८० च्या पट्ट्यातही चालते. तक्ता मार्गदर्शक आहे, जमिनीचा निर्णय स्थानिक मंडळींचाच. परंतु त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. एका रात्रीचा पाहुणा कान झाकून निजेल आणि सकाळी निघून जाईल. प्रश्न आहे तो न जाणाऱ्या पाहुण्याचा.

पुढचे विमान चुकल्यामुळे मला अशा एका हॉटेलात रात्र काढावी लागली. खोलीत चूल होती, भांडे एकही नव्हते. ती खाली जाऊन मागून घ्यायची असतात, हे पुढे कळले. खिडकीच्या काचा दुहेरी होत्या. तरी विमान वरून गेले की पाण्याच्या पेल्यावर बारीक लाट उठे. पण माझे लक्ष लागले ते भिंतीपलीकडे. तेथे कोणी तरी कांदा परतत होते, आणि एक मूल मोठ्याने पाढे म्हणत होते. विमानतळावरच्या हॉटेलात पाढे! सकाळी सहाच्या सुमारास खाली आलो तो फाटकाशी सात-आठ मुले दप्तरे घेऊन उभी. पिवळी शाळेची गाडी आली, मुले चढली, गाडी गेली. पलीकडे एक वैमानिक आपली चाकांची पेटी ओढीत मोटारीची वाट पाहत होता. एकाच ओसरीवर दोघे उभे; एकाचा तो मुक्काम, आणि ह्या मुलांचे बिऱ्हाड.

मग ही माणसे घर का घेत नाहीत? आळशी म्हणून नव्हे. त्यांतली पुष्कळ कामावर जातात. कोणी विमानतळावर सामान चढवितो, कोणी दुसऱ्या हॉटेलात झाडलोट करते. आठवड्या-आठवड्याने ती जे भरतात त्याची महिन्याची बेरीज पुष्कळदा साध्या घराच्या भाड्याहून जास्तच होते. परंतु घरमालक आधी अनामत मागतो, पहिल्या महिन्याचे भाडे मागतो, पगार भाड्याच्या तिप्पट असल्याचा दाखला मागतो आणि पतीचा आकडा पाहतो. पूर्वी कधी घर खाली करण्याचा दावा लागला असेल, तर दार बंदच. हॉटेल हे काही विचारीत नाही. ते फक्त ह्या आठवड्याचे पैसे मागते. गरिबी महाग पडते ती अशी. अटलांटातील अशा कुटुंबांवर ब्रायन गोल्डस्टोन ह्या लेखकाचे एक पुस्तक २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ज्यांना गोडी असेल त्यांनी ते मिळवून वाचावे.

आपल्या मुंबईतही वाट पाहणाऱ्यांची घरे होती. धोबीतलाव, माझगाव भागांत गोवेकरांच्या 'कूड' नावाच्या जागा आहेत. गावागावाची कूड निराळी. जहाजावरून उतरलेला खलाशी पुढचे जहाज मिळेपर्यंत तेथे आपली ट्रंक टेकवी. सोय बेताचीच, संध्याकाळी प्रार्थनेला हजर राहण्याचा दंडक. तिचे गोडवे मी गात नाही; दाटीवाटीने निजणे काय असते ते निजणाऱ्यालाच ठाऊक. पण एक आहे, तो पाहुणा की रहिवासी हा वाद तेथे निघत नसे, कारण तो गावचा होता. अटलांटाच्या खोलीत मनुष्य गावचा नसतो. तो कागदावर 'पाहुणा' असतो, आणि ह्या एका शब्दावर फार काही अवलंबून असते.

भाडेकरूला बाहेर काढायचे तर मालकाला न्यायालयात जावे लागते. पाहुण्याचे पैसे थकले की कुलूप बदलले तरी काम झाले. म्हणून कॅलिफोर्नियात काही निवासी हॉटेलांचे मालक महिना पुरा होण्याच्या आत माणसाला दोन दिवस बाहेर काढून पुन्हा नोंदवीत, म्हणजे तो कायमचा पाहुणाच राहावा! तेथे कायद्याने ह्या युक्तीला बंदी घालावी लागली. जॉर्जियात २०२० च्या महामारीत एका हॉटेलातील रहिवाशांवर बाहेर पडण्याची पाळी आली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. आम्ही येथे राहतो, उतरलेलो नाही, असे त्यांचे म्हणणे. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले. २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी बरोबर लावली नाही म्हणून तो निवाडा बाजूला ठेवून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले. विद्वान न्यायाधीशांनाही मुक्काम कोठे संपतो आणि बिऱ्हाड कोठे सुरू होते हे सांगायला इतके सायास पडले.

आणि ती गाडीत चढलेली मुले? दुसरे घर न मिळाल्यामुळे हॉटेलात राहणाऱ्या मुलाला अमेरिकेचा शिक्षणाचा कायदा बेघर धरतो, आणि म्हणून त्याला त्याच्या जुन्या शाळेत नेण्या-आणण्याची सोय शाळेने करावी लागते. तेच कुटुंब आपल्या पदरच्या पैशाने हॉटेलचे भाडे भरीत असेल, तर घरांचे खाते मात्र आपल्या मोजणीत त्याला बेघर धरीत नाही.

घड्याळाचा काटा पुढे गेला आहे, आणि अध्यक्षांना अजून बोलायचे आहे.