शाळेआधीची तीन वर्षे

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आज आम्हाला 'शाळेआधीचे मूल' या विषयावर बोलायला सांगितले आहे. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि गेली अनेक वर्षे बँकेच्या काउंटरवर बसून लोकांच्या नोटा मोजत आहोत. आम्हा उभयतांपैकी एक बँकेत, दुसरी पालिकेच्या दवाखान्यात परिचारिका. मोठा मुलगा नववीत आहे आणि धाकटी मुलगी चार वर्षांची. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की असे एक मूल आम्ही रोज सांभाळतो.

आपल्या मंडळात दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, स्पर्धा परीक्षांची शिबिरे भरतात, वह्यांचे वाटप होते. हे सर्व चांगलेच आहे. पण सहा वर्षांखालचे मूल म्हणजे आईच्या पदराखालचे मूल, त्याचा विचार समाजाने कशाला करायचा, अशी आपली समजूत असते. ही समजूत बरोबर नाही, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

प्रथम आमच्या घरातला दिवस सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो असाच असेल. सकाळी साडेपाचला पाणी येते. डबे, आंघोळी, मोठ्याचा गणवेश, आणि साडेसातच्या आत एकाने घर सोडायचे. एवढ्या धांदलीत धाकटीला मात्र कसलीच घाई नसते. चपलेचा डावा पाय उजव्यात घालायचा, काढायचा, परत घालायचा. गुंडी स्वतःच लावायची. आपण हात पुढे केला की "मी करणार!" म्हणून ओरडायचे. गुंडी लागायला चार-पाच मिनिटे जातात आणि तेवढ्यात आपली लोकल निघून जाते. हाताने पटकन गुंडी लावून टाकावी असे कोणालाही वाटेल. परंतु तिच्या दृष्टीने ती गुंडी हेच सकाळचे सर्वांत मोठे काम असते. अंगठा आणि तर्जनी यांची जी पकड ती तिथे मिळवते, त्याच पकडीने पुढे पेन्सिल धरायची असते. म्हणून आम्ही घड्याळाचा गजर दहा मिनिटे अलीकडे घेतला. ही दहा मिनिटे त्या गुंडीच्या नावाची.

दिवसा आजी सांभाळते. आजी कधी शाळेत गेली नाही, पण तिच्याजवळ जे शिकायला मिळते त्याला आम्ही कमी समजत नाही. मटकी आणि मूग एकत्र झाले की ते वेगळे करायला नात बसते. भाकरीच्या पिठाचा गोळा मिळाला की अर्धा तास घर शांत असते. जात्यावरच्या ओव्या, गावाकडच्या नदीची गोष्ट, कोणत्या झाडाचा पाला शेळी खाते आणि कोणत्या झाडाचा खात नाही, हे सर्व तिच्या कानावरून जाते. तीन मजले उतरताना पायऱ्या मोजल्या जातात. मध्ये तेरा राहून जातो, पण पुढच्या आठवड्यात तो आपोआप सापडतो.

संध्याकाळी आम्ही परतलो की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. चंद्र आपल्याबरोबर का चालतो? बँकेतले पैसे रात्री झोपतात का? एका प्रश्नाचे उत्तर दिले की त्यालाच दुसरे 'का' चिकटते. दिवसभर काउंटरवर लोकांना उत्तरे देऊन थकलेला माणूस म्हणतो, "गप्प बस." मित्रहो, 'का' विचारणाऱ्या मुलाला आपण गप्प बसवायचे आणि तेच मूल पंधरा वर्षांचे झाले की हा वर्गात तोंड उघडत नाही म्हणून तक्रार करायची, हे न्यायाचे नाही. उत्तर येत नसेल तर "आपण दोघे शोधू" असे म्हणता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

आता एका कठीण प्रश्नाकडे वळतो. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, "पोरगी चार वर्षांची झाली, अजून अ आ ई काढता येत नाही. शेजारच्यांचा मुलगा इंग्रजी कविता म्हणतो. तुम्ही हिला नुसती खेळवत काय बसलात?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरांनी पाटी-पेन्सिलीसाठी मैलोन्‌मैल पायपीट केली, ज्यांना अक्षरामुळेच चार माणसांत मान मिळाला, त्यांना अक्षर लांबले की धास्ती वाटणारच. आपण मागे पडलो तर हात देऊन वर ओढणारे कोणी नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. म्हणून त्यांना उत्तर द्यायचे तर ते नीट दिले पाहिजे.

आमचे उत्तर असे की खेळ आणि शिक्षण ही या वयात दोन नाहीत. हे आमचे मत नव्हे. आपल्याच भागातील थोर माणसांनी ते करून दाखवले आहे. गिजुभाई बधेका हे वकील होते. त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मूल मारून शिकत नाही, भीतीने शिकत नाही, हे त्यांनी त्या काळी सांगितले. त्यांच्याबरोबर ताराबाई मोडक यांनी काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंना वाटू लागले की हे शिक्षण शहरातल्या सुखवस्तू घरांपुरतेच राहता कामा नये. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर दोघींनी डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम उभे केले.

तेथे माँटेसरीची महागडी साधने नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या घेतल्या. मुले शाळेत येत नाहीत म्हणून रडत न बसता शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दामागे हे काम आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येते, त्यामुळे तिचे शिक्षण होत नाही, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. त्याला त्यांनी 'विकासवाडी' म्हटले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री.

ज्यांना मटकी-मूग निवडणे म्हणजे वेळ घालवणे वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे. सारखे आणि वेगळे ओळखणे हाच गणिताचा पाया आहे. गोष्ट ऐकून पुढे काय होईल ते सांगणे हाच वाचनाचा पाया आहे. अक्षरे पाचव्या-सहाव्या वर्षी झपाट्याने येतात. पण जिचा हात तयार नाही, जिच्याजवळ शब्द नाहीत, तिला अक्षरे येऊनही त्यांचा उपयोग होत नाही. आणि शब्द येतात ते घरच्या भाषेतून. आजीच्या बोलीला हसू नका. मुलाचा पहिला शब्दकोश तोच असतो.

बाहेर मात्र वेगळे चित्र दिसते. मुलीच्या प्रवेशाची चौकशी करण्यासाठी आम्ही एका शाळेत गेलो होतो. तिथे तिला इंग्रजीत रंगांची नावे विचारली आणि आम्हाला आमचा पगार विचारला. ती आमच्या मागे लपली. तिला रंग चांगले ठाऊक होते. कोणता रंग हळदीचा आणि कोणता कोथिंबिरीचा हे तिने घरी शंभरदा सांगितले असेल. आम्ही घरी आलो आणि तिला घराजवळच्या बालवाडीत घातले. तिथे माती आहे, गाणी आहेत आणि बाई मराठीत बोलतात.

१९९३ साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने 'ओझ्याविना शिक्षण' हा अहवाल केंद्र सरकारला दिला. नर्सरीच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती घेणे बंद करावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. वाचन, लेखन आणि अंक यांचा भडिमार ही लहान मुलांवरची हिंसाच आहे, अशी त्या समितीची भूमिका होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशाच्या वेळी चाळणी लावण्यास आणि देणगी घेण्यास मनाई केली. पण तो हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी राज्यघटनेचे कलम ४५ आहे. २००२ साली झालेल्या ८६ व्या घटनादुरुस्तीने त्यात एवढेच म्हटले की सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे संगोपन आणि शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्न करावा. विद्यार्थी मित्रांनो, 'हक्क' आणि 'प्रयत्न' या दोन शब्दांतले अंतर समजून घ्या. त्या अंतरात आपली लाखो मुले वाढतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पहिला टप्पा मानला, ही चांगली गोष्ट झाली. पण धोरण आपोआप गल्लीत येत नाही. ते आणावे लागते.

आपल्या वस्तीत सरकारी अंगणवाडी आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढील उपचारासाठी पाठवणे, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा त्यात आहेत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीतील आहाराचा हक्क मिळाला. आपण मात्र अंगणवाडीला 'खिचडीची शाळा' म्हणून नाक मुरडतो. तिथे मुलाचे वजन दर महिन्याला घेतले जाते का, पाच वर्षांनंतरचा त्रिगुणी लसीचा बूस्टर दिला गेला का, ताईंना बसायला धड जागा आहे का, हे आपल्यापैकी कितीजण जाऊन विचारतात?

दोन गोष्टी घरासाठी सांगतो. पहिली मोबाईलची. मूल जेवत नाही म्हणून हातात मोबाईल दिला की घास पोटात जातो हे खरे, पण मूल काय खाते हे त्याला कळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त पडदा नको, त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप हवी. आमच्या घरी ताट वाढले की सर्वांचे मोबाईल फडताळात जातात. नववीतल्या मुलाचा जातो आणि आमचाही जातो. फक्त धाकटीला नियम लावला तर तो टिकत नाही.

दुसरी गोष्ट बापांसाठी. मूल सांभाळणे हे बाईचे काम, असे म्हणून आपण वर्तमानपत्र उघडतो. परिचारिकेची रात्रपाळी करून आलेल्या आईला झोप हवी असते. वेणी घालणे, नखे कापणे, रात्री गोष्ट सांगणे हे पुरुषाला न जमण्यासारखे नाही. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी मांडणी केली होती. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. राष्ट्राने जे मान्य केले ते आपल्या स्वयंपाकघराने मान्य करायला हरकत नसावी. आम्ही बँकेतली माणसे. आवर्ती ठेव आम्हाला कळते. मुलाला द्यायचा वेळ तसाच असतो. रोज थोडा भरायचा. वर्षाअखेरीस सहलीला नेऊन एकरकमी भरता येत नाही.

आता शेवटचा आणि खरा मुद्दा. आमच्या इमारतीमागच्या वस्तीत एक दहा वर्षांची मुलगी राहते. तिची आई पहाटे चार घरची धुणी-भांडी करायला जाते. तेव्हा दोन वर्षांचा भाऊ या मुलीकडे असतो. महिन्यातून निम्मे दिवस ती शाळेत नसते. पुढे एक दिवस तिचे नाव पटावरून जाईल आणि आपण 'मुलींची गळती' या विषयावर परिसंवाद घेऊ. ताराबाईंनी कोसबाडला जे पाहिले ते आजही आपल्या दाराशी आहे.

आपल्या मंडळाचे सभागृह सकाळी सात ते बारा बंद असते. संध्याकाळी वर्ग, रविवारी सभा, एरवी कुलूप. तिथे सकाळी पाळणाघर आणि बालवाडी सुरू करावी, अशी आमची मंडळाला विनंती आहे. सतरंज्या आहेत, पाणी आहे, पंखे आहेत. सभासदांतील निवृत्त शिक्षिका आहेत. साधने विकत आणायची गरज नाही. बिया, शिंपले, जुन्या साड्यांच्या बाहुल्या आणि बँकेतल्या जुन्या कोऱ्या पाठीचे कागद, हे आम्ही आणून देऊ. अंगणवाडीच्या ताईंशी बोलून वजन आणि लस यांची नोंद ठेवता येईल. दर शनिवारी सकाळचे दोन तास आम्ही उभयता आळीपाळीने देऊ. बँकेला सुट्टी असेल त्या शनिवारी बाप, नसेल त्या शनिवारी आई.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही यात आहात. आठवड्यातून एकदा येऊन एक गोष्ट सांगा. चार वर्षांचे मूल तुम्हाला 'का' विचारेल. त्याला समजेल असे उत्तर देता आले, तर तो विषय तुम्हाला खरोखर समजला आहे असे खुशाल समजा.

पंधरा मुले आली तर पंधरा घरांतील मोठ्या बहिणी शाळेत जातील. हा हिशेब आम्ही दोनदा तपासला आहे आणि तो जुळतो. कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा.