पहाटेचा गारठा आणि एकटी बाई

(सापगाव येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



थंडीनं माणूस दगावतो तो हिमालयात, आपल्या शहापूर-मुरबाडात नाही, असा आपला समज आहे. पण अंग गार पडायला बर्फ लागत नाही. पारा दहा-बारा अंशांवर, अंगावरचे कपडे ओले, वरून वारा आणि पोट रिकामं, एवढं पुरतं. हे सगळं एकत्र येतं ते वीटभट्टीवर.

दिवाळी झाली की आपल्या कातकरी वाड्या ओस पडतात. बयाणा घेतलेली कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. काम मध्यरात्रीनंतर सुरू होतं. पाय चिखलात, हात पाण्यात, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. परसाकडे जायचं तेही काळोखात आणि एकटीनं, कारण उजेडी आडोसा नसतो. (मालकाच्या ऑफिसला मात्र संडास असतो!)

अशाच एका भट्टीवर मी पहाटे गेले होते. विटांच्या थराआड एक बाई बसली होती. जीभ जड झालेली, उठताना तोल जात होता. मुकादम म्हणाला, "टाकून आलीय, पडू द्या." तिच्या तोंडाला दारूचा वाससुद्धा नव्हता. ती गारठली होती. कातकरणीचा तोल गेला की ती प्यायलेलीच असणार, हा निकाल आधीच लागलेला असतो. त्यानं जीव जाऊ शकतो.

शरीराची उष्णता 35 अंशांखाली उतरली की आधी हुडहुडी भरते, बोटं वळत नाहीत. मग बोलणं अडखळतं, पाय लटपटतात, झोप येते. गारठ्यातच बसलेल्या बाईची हुडहुडी एकदम थांबली, तर तिला बरं वाटतंय असं समजू नका. शरीर हरत चाललंय. आणि जिची शुद्ध हरपत चालली आहे तिला स्वतःला ते कळत नाही. दुसरीलाच ते दिसतं. दोघींनी मिळून जा म्हणते ते एवढ्यासाठी, भुताखेतांच्या भीतीनं नव्हे.

अशी बाई दिसली तर तिला वाऱ्यातून आत आणा. ओलं लुगडं सोडवा, कोरड्या गोधडीत गुंडाळा, डोकंही झाका. खाली पेंढा घाला, जमीन ऊब ओढून घेते. एखादीनं तिला कुशीत घ्यावं. हातपाय चोळू नका, जाळाजवळ नेऊ नका. शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तरच गोड गरम चहा द्या. दारू मुळीच नको. तिनं ऊब आल्यासारखं वाटतं, पण आतली उष्णता बाहेर जाते. बंद झोपडीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका, तिचा विषारी वायू झोपेतच मारतो. ती बडबडू लागली किंवा जागी होईना, तर 108 ला फोन करा.

आता हक्काचं. कोरडं लुगडं बदलायला वेळ, कामाआधी गरम पेज, संडास आणि तिथवर दिवा, हे मागायला लाजायचं काय? बयाणा दिला म्हणून आजारी बाईला जुंपायचा अधिकार कुणाला मिळत नाही. उचलीपायी बांधून राबवणं ही वेठबिगारी, आणि ती 1976 च्या कायद्यानं बंद केली आहे.

यंदा निघण्यापूर्वी जोड्या इथंच ठरवा. भट्टीचं गाव, जवळचा रस्ता आणि मालकाचं नाव कागदावर लिहून सोबत ठेवा. रात्री 108 वाला पहिल्यांदा पत्ताच विचारतो.