इतिहासकाराचा फावला वेळ



दिवसभर मागाच्या खडखडाटात काढून उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपण येथे व्याख्यान ऐकावयास जमता, ह्याचे मला कौतुक वाटते. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांनी आपला फावला वेळ अशा रीतीने सत्कारणी लावला आहे. आज मी फावल्या वेळाविषयीच बोलणार आहे. मात्र तो इतिहासकाराचा.

इतिहासकार म्हटला की आपल्यासमोर सनावळ्या, मोडी कागद आणि धुळीने भरलेली दप्तरे उभी राहतात. तो संध्याकाळी गाणे ऐकत असेल, गझल गुणगुणत असेल किंवा एखाद्याचे चरित्र वाचीत असेल, तर तो त्याचा विरंगुळा, असे आपण मानतो. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. हा विरंगुळा काढून घेतला, तर दप्तर समोर असूनही ते त्याच्याशी बोलणार नाही.

सेतुमाधवराव पगडी ह्यांचेच उदाहरण घ्या. १९१० साली निलंग्यास जन्मलेला हा मराठी मुलगा निजामाच्या राज्यात वाढला. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू. ती पोटासाठी शिकावी लागली हे खरे; परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. गालिबच्या गझलांत ते रमले आणि त्यांनी त्या मराठी वाचकाला समजावून दिल्या. आदिलाबादेकडे सरकारी अधिकारी म्हणून गेले, तर गोंडांशी त्यांच्याच भाषेत बोलता यावे म्हणून गोंडी शिकले. पुढे मुंबईस गॅझेटियर खात्यात काम करताना ह्याच माणसाने मोगल दरबाराची फारसी बातमीपत्रे मराठीत आणली, सूफी संप्रदायावर ग्रंथ लिहिला आणि शिवाजी महाराजांचे चरित्रही लिहिले. गालिबचा रसिक निराळा आणि शिवचरित्रकार निराळा, अशी वाटणी त्यांच्या ठायी करता येत नाही.

ह्याचा प्रत्यक्ष उपयोग काय, असे आपण विचाराल. खाफीखान नावाच्या मोगल इतिहासकाराचे लिखाण पाहा. फारसीत अक्षरांना अंक नेमलेले असतात, आणि एखाद्या वाक्यातील अक्षरांच्या बेरजेतून साल सांगण्याची कवींची एक रीत आहे. महाराजांच्या मृत्यूचे साल खाफीखानाने अशाच एका वाक्यात गुंफले, आणि ते वाक्य म्हणजे सरळसरळ शिवी आहे. तेवढेच वाचणारा संतापून पुस्तक मिटील. पण हाच खाफीखान लिहितो की, मशिदीला, कुराणाला आणि कोणाच्याही स्त्रियांना उपद्रव देऊ नये असा महाराजांचा दंडक होता. शिवी हा त्या काळच्या दरबारी लेखनाचा रिवाज होता, आणि शत्रूच्या तोंडून निघालेली ही कबुली हा खरा पुरावा आहे. रिवाज कोणता आणि पुरावा कोणता, हे ओळखण्यास ज्याने त्या भाषेतील कविता चवीने वाचली आहे असाच कान लागतो.

दुसरे उदाहरण यशवंत नरसिंह केळकरांचे. त्यांनी १९३७ साली 'वसईची मोहीम' हे पुस्तक लिहिले. वसई आपल्या शेजारची. चिमाजी अप्पांनी ती १७३९ साली घेतली, त्या धामधुमीत हा सारा मुलूख ढवळून निघाला होता. ह्याच केळकरांना नाद होता तो डफ-तुणतुण्यावरच्या कवनांचा. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम ह्यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह काढला होता. केळकरांनी तेच काम पुढे नेऊन १९२८ पासून 'ऐतिहासिक पोवाडे' प्रसिद्ध केले. शाहीर सगनभाऊ जन्माने मुसलमान. पेशवाई बुडाल्याचे दुःख त्याने कळवळून गायिले. हे दुःख कोणत्याही जमाखर्चात सापडावयाचे नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गाण्यावर विसंबून इतिहास लिहावा काय? नाही. शाहीर दहा हजारांची फौज लाखाची करतो, तिथी चुकवतो. फौजेची संख्या आणि लढाईचा दिवस कागदावरूनच ठरविला पाहिजे. परंतु त्या लढाईचे लोकांना काय वाटले, हे कागद क्वचितच सांगतो. ते शाहीर सांगतो. कोणाला कोणता प्रश्न विचारावयाचा, हे कळणे हीच इतिहासकाराची विद्या होय.

मी हे सारे भिवंडीत का सांगतो? ह्या गावात मराठी आहे, कोकणी मुसलमानांची बोली आहे, उत्तरेकडून आलेल्या विणकरांची उर्दू आहे, पद्मशाली मंडळींची तेलुगू आहे. आपले माग एकमेकांना लागून चालतात. मात्र शेजाऱ्याच्या घरातील पुस्तक आपल्याला वाचता येत नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली. १९८४ साली पुन्हा आग लागली. ज्या महाराजांविषयी त्यांच्या शत्रूनेही चांगले लिहून ठेवले, त्यांच्या जयंतीला हे घडावे, ह्याचे मला दुःख होते. १९८८ पासून येथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, माणसे एका सतरंजीवर बसू लागली, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पगडींचे चार ग्रंथ वाचून दंगल थांबली असती, असे मी म्हणणार नाही. परंतु एका सतरंजीवर बसण्याचे जे काम समित्यांनी केले, तेच काम पुस्तकांच्या द्वारे पगडींनी जन्मभर केले.

मागे एका स्नेह्यांच्या घरी जुन्या कागदांचा गठ्ठा निघाला. एका कागदावर मजकूर मोडीत आणि वर शिक्का फारसीत. घरातील मुलास उर्दू येत होती, पण मोडीचा गंध नव्हता. मला मोडी येत होती, पण शिक्का लागेना. दोघे दिव्याखाली बसलो. त्याने चाचपडत एकेक अक्षर लावले, मी ओळ लावली, आणि रात्री अकराच्या सुमारास कागद लागला. एका विहिरीच्या पाण्याच्या वाटपाचा तो कागद होता. मजकूर साधाच, पण आम्हा दोघांपैकी एकट्याला तो कधीच लागला नसता.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. आपल्या माळ्यावर, पेटीत असे कागद असतील, तर ते रद्दीत देण्यापूर्वी कोणाला तरी दाखवा. घरातील म्हाताऱ्या माणसांना पाळण्याची, लग्नातली, मागावरची गाणी येत असतील, ती कोणत्याही भाषेतील असोत, लिहून घ्या. गाणाऱ्याचे नाव आणि साल खाली घाला. आणि जमल्यास शेजाऱ्याची लिपी शिका. रोज अर्धा तास दिला, तर पुढच्या वसंतापर्यंत आपल्याला ती वाचता येईल. इतिहासकाराचा फावला वेळ ह्याहून फारसा निराळा नसतो.