कमिशन अडकलं, आता काय करायचं?

आज आपल्या हक्काच्या पैशाबद्दल बोलू या.

बोईसरच्या चाळींत, पालघरच्या गावागावांत बऱ्याच जणी हल्ली फोनवरून चार पैसे मिळवतात. साडीची, कुकरची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की आपल्याला कमिशन. कुणी साबण-पावडरचं साखळीचं काम करतात. तारापूर एमआयडीसीतली पाळी संपवून आलेली बाईही रात्री हे काम करते. काम वाईट नाही. भांडण होतं ते कमिशन वेळेवर आलं नाही की.

मीही ते भोगलंय. माझ्या धाकट्या जावेला मीच लिंकच्या कामात घेतलं. दोन महिने झाले तरी तिला एक रुपया आला नाही. ती कंपनीला ओळखत नव्हती, मला ओळखत होती. पाणी भरताना रोज विचारायची, "ताई, माझे पैसे कधी?" मी म्हणायची, "येतील गं." शेवटी आमचं बोलणंच बंद झालं.

मग एक दिवस बचत गटाची वही भरताना मनात आलं, की गटात आपण पन्नास रुपयांच्या हप्त्याचीही नोंद करतो, आणि कमिशनचा हिशेब मात्र सगळा फोनवर सोडून दिलाय! त्या संध्याकाळी मी जावेकडे वही घेऊन गेले. तारीख, वस्तू, किंमत, घरपोच मिळाली की परत गेली, कमिशन किती, असे रकाने आखले. तेवीस ऑर्डरी निघाल्या. त्यातल्या सहा परत गेल्या होत्या. परत गेलेल्या मालावर कमिशन नसतं, आणि बाकीच्या मालावरही ते परतीची मुदत संपल्यावरच पक्कं होतं. शिवाय तिच्या पॅनवर माहेरचं नाव होतं आणि बँकेत सासरचं. म्हणून पैसे अडकले होते. नाव दुरुस्त केल्यावर पैसे आले. दोन ऑर्डरींचं कमिशन खरोखरच राहिलं होतं. ते ऑर्डर नंबर लिहून ई-मेलवर मागितलं, तेही मिळालं. जाऊ पुन्हा बोलायला लागली, ते सगळ्यात मोठं.

पण प्रत्येक उशीर असा साधा नसतो. २०११ सालची 'स्पीक एशिया' आठवते? अकरा हजार रुपये भरायचे, इंटरनेटवर प्रश्नावल्या भरायच्या, पैसे मिळवायचे. दुसऱ्यांना जोडलं की आणखी पैसे. मग पैसे यायचे थांबले. "थोडं थांबा, येतील" असं ऐकत लोक बसले, आणि प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेलं. जानेवारी २०२५ मध्ये दादरला 'टोरेस'च्या दुकानासमोर अशीच गर्दी झाली. तिथेही दर आठवड्याला परताव्याचं आणि माणसं आणल्यावर बक्षिसाचं आमिष होतं.

या दोन उशिरांतला फरक ओळखायला एकच प्रश्न विचारा: माझं कमिशन माल विकल्यावर मिळतं, की नवी बाई जोडल्यावर? माणसं जोडण्यावरच पैसा फिरत असेल, तर नवी माणसं संपली की पैसाही संपतो. थेट विक्रीसाठी २८ डिसेंबर २०२१ ला केंद्र सरकारने नियम केले. त्यात अशा पिरॅमिड योजनांना बंदी आहे. कंपनीने विक्रेत्याकडून प्रवेश फी घ्यायची नाही आणि लेखी करार करायचा, असंही त्यात आहे. करार नसेल, तर कमिशन कशाच्या जोरावर मागणार?

आता कमिशन अडकलं तर काय करायचं? आधी वहीत हिशेब मांडा. फोनवरचे ऑर्डरचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण खातं बंद झालं की ते दिसत नाहीत. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. गटप्रमुख बाईला किंवा 'अपलाइन'ला फोन करून भागत नाही. तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही.

उत्तर आलं नाही, तर १५१०० वर फोन करा. ही विधी सेवेची हेल्पलाइन आहे. बाईला तिचं उत्पन्न कितीही असो, कायद्याने वकील मोफत मिळतो. येणं वसूल करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून फार थांबू नका. विकत घेतलेल्या मालाबद्दल तक्रार असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन फसवणूक झाली असेल, तर लगेच १९३० वर कळवा आणि पोलीस ठाण्यात जा. "तुमचं कमिशन सोडवायला आधी एवढे भरा" असं कुणी म्हटलं, तर एक रुपयाही भरू नका.

आणि आपला पैसा मिळेपर्यंत नवी बाई जोडू नका. आपल्या शब्दावर ती येते. कंपनी उद्या निघून जाईल, पण ती बाई आपल्याच गावात, आपल्याच नळावर असेल.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान कमिशनसाठी उघडा. ज्या बाईचे पैसे अडकलेत, तिच्याबरोबर बसून ते भरा. तिला एकटीला भरायला लावू नका.