मागच्या सीटवरचा लेखक



सर्व बक्षीसविजेत्यांचं आधी मनापासून अभिनंदन. 'तंत्रज्ञान आणि उद्याचं जग' या विषयावरचे तुमचे निबंध मी दुपारी वाचले. मेहनत दिसते. रोबो आहेत, ड्रोन आहेत, कृत्रिम बुद्धिमत्ता तर पानोपानी आहे. माणसं मात्र मला कमी भेटली. म्हणून आज एका माहितीपटाबद्दल बोलावंसं वाटतं.

'नो मॅप्स फॉर दीज टेरिटरीज' हा माहितीपट २००० साली आला. दिग्दर्शक मार्क नील, आणि विषय विल्यम गिब्सन हा विज्ञानकथालेखक. लेखकावरचा माहितीपट म्हटला की पुस्तकांची कपाटं आणि टेबलावरचा दिवा आलाच. इथे तसं काही नाही. गिब्सन एका गाडीच्या मागच्या सीटवर बसला आहे. गाडीतच कॅमेरे बसवलेत, फोन आहे, संगणक आहे. बाहेर उत्तर अमेरिकेचे रस्ते पळताहेत आणि हा उंच, सडपातळ माणूस शब्द निवडत सावकाश बोलतो आहे. मधेच यूटू बँडचा गायक बोनो त्याच्या कादंबरीतला उतारा वाचून दाखवतो. बाकी प्रवास आणि बोलणं.

बोलणं मात्र ऐकण्यासारखं आहे. गिब्सनचा जन्म १९४८चा. लहानपणीच वडील गेले. आईने त्याला व्हर्जिनियातल्या वायथव्हिल या डोंगराळ भागातल्या छोट्या गावी वाढवलं. अठराव्या वर्षी आईही गेली. व्हिएतनाम युद्धाचा काळ होता, सक्तीची सैन्यभरती चालू होती. हा मुलगा कॅनडात निघून गेला आणि पुढे व्हँकुव्हरला स्थायिक झाला. पोरकेपण, परका देश, आणि गावात असताना हाती लागलेल्या विज्ञानकथा एवढीच त्याची पुंजी.

आपल्याकडे विज्ञानकथा म्हटलं की खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आठवतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. कृष्णविवरावर लिहायला त्यांच्याकडे कृष्णविवराचं गणित होतं. गिब्सन अगदी दुसऱ्या टोकाचा. संगणकातलं त्याला जवळजवळ काही कळत नव्हतं. 'न्यूरोमॅन्सर' ही त्याची पहिली कादंबरी १९८४ साली आली, ह्यूगो, नेब्युला आणि फिलिप के. डिक हे तिन्ही पुरस्कार घेऊन गेली, संगणकांच्या जाळ्यात वावरणाऱ्या माणसांची ती गोष्ट त्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी डोक्यावर घेतली. आणि ती लिहिली होती हर्मीस कंपनीच्या जुन्या, हाताने चालणाऱ्या टाइपरायटरवर! नंतर त्याने पहिला संगणक विकत घेतला, तेव्हा आतून खरखर आवाज येऊ लागला. त्याला वाटलं, यंत्र बिघडलेलं आलं. दुकानात फोन केला तर कळलं, डिस्क फिरण्याचा तो आवाज आहे, असाच येतो.

मग या माणसाला 'सायबरस्पेस' दिसलं कुठे? हा शब्द त्याने १९८२ साली एका कथेत पहिल्यांदा वापरला. व्हँकुव्हरच्या रस्त्यावरून जाताना व्हिडिओ गेमच्या दुकानात त्याला मुलं दिसायची. त्याने पडद्यावरचा खेळ पाहिला नाही, मुलांकडे पाहिलं. पुढे झुकलेली शरीरं, ताणलेल्या माना, बटणावर घट्ट बोटं. पडद्याच्या पलीकडे खरोखरची जागा आहे आणि आपल्याला तिथे जायचं आहे, अशी ती मुलं उभी होती. गिब्सनने ती जागा लिहून काढली, बस्स. आज आपल्या कुठल्याही एसटी स्टँडवर बाकावर बसलेल्यांच्या माना बघा. तेच झुकणं आहे.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण विज्ञानकथा म्हणजे भविष्य सांगणं, असा आपला समज असतो. 'न्यूरोमॅन्सर'मध्ये एक प्रसंग आहे. नायक हॉटेलातून चालला आहे, भिंतीला सार्वजनिक फोनची रांग आहे. एक फोन वाजतो. तो उचलतो, तर पलीकडून एक कृत्रिम बुद्धी बोलते. तो दचकून फोन ठेवतो आणि चालू लागतो. मग ज्या ज्या फोनजवळून तो जातो, तो तो फोन एकेकदा वाजतो. वाचताना आजही काटा येतो. पण बघा, बोलणारं यंत्र सुचलं आणि खिशातला फोन सुचलाच नाही! गिब्सनने स्वतः हे मोकळेपणाने मान्य केलं आहे. वस्तूंचा अंदाज हुकला, माणसाचं दचकणं तंतोतंत उतरलं. माझ्या मते लेखकाचं खरं काम हे दुसरं आहे.

माहितीपटातही तसंच झालं आहे. तो आला तेव्हा आपल्या हातात स्मार्टफोन नव्हता, यूट्यूब नव्हतं. गाडीतली ती अद्ययावत उपकरणं आज जुनी दिसतात. पण मागच्या सीटवरचा माणूस जे म्हणतो ते जुनं झालेलं नाही. त्याचं म्हणणं असं, की नवं तंत्रज्ञान कुणी ठराव करून आणत नाही; ते येतं, आणि त्याचं पुढे काय होईल हे ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

याचा पुरावा आपल्या घरात आहे. मिस्ड कॉल कुठल्या इंजिनिअरने शोधला? कुणीच नाही. मिनिटाला पैसे पडायचे, तेव्हा 'पोचलो', 'खाली ये', 'तू कर' हे सगळं आपल्या लोकांनी एका न उचललेल्या रिंगमध्ये बसवलं. कंपन्यांनी विकलं एक, माणसांनी वापरलं दुसरंच. मला हे अतिशय मोलाचं वाटतं, आणि ते नीट कुणी लिहून ठेवलेलं नाही याचं वाईट वाटतं.

इथे संगणकशास्त्राचे विद्यार्थी आहेत, कला शाखेचे आहेत. दोघांनाही माझं सांगणं एकच. तुमच्या महाविद्यालयाचा वार्षिक अंक निघतो. पुढच्या अंकात यंत्रांची माहिती नको, ती नेटवर भरपूर आहे. भाजीवालीच्या गाडीवर पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा डबा आल्यापासून तिची उधारीची वही कुठे गेली, ते तिला विचारा. नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या आधी आजी पदर सारखा करते का, ते बघा. जे बघाल ते साध्या मराठीत लिहा. माझा पत्ता प्राचार्यांकडे ठेवून जातो आहे. अंक छापून झाला की एक प्रत नक्की पाठवा. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचेन आणि प्रत्येकाला उत्तर लिहीन.