पाणी बंद, मग पोट कशावर?
(पेंच नदीकांठच्या ढीवर व गोंड बांधवांपुढें केलेलें भाषण)



आम्ही येथें पांडित्य मिरवावयास उभे नाहीं. पाण्याची गोष्ट जाळें विणणाऱ्या हातांना आमच्याहून अधिक कळते.

रामटेक तालुक्यांत पेंच नदीवर तोतलाडोहचें धरण झालें. त्यावर वीज निघाली. पेंचचें पाणी नागपूर शहराच्या घरोघरीं पोंचलें. पण धरणाच्या पाण्याखालीं गांवें गेलीं, शेतें गेलीं. ज्यांचा नांगर बुडाला त्यांनीं हातीं जाळें धरलें. तोंच सरकारनें बजावलें कीं, हें राष्ट्रीय उद्यान आहे, वाघाचें राखीव रान आहे; येथें मासा धराल तर गुन्हेगार ठराल! आधीं जमीन घेतली, मग पाणीहि घेतलें. मग गरिबानें खावें काय?

कोणी म्हणेल, वाघ राहिला पाहिजे. आम्हीहि तेंच म्हणतों. रान गेलें तर नदी आटेल, आणि नदी आटली तर ढीवराची चूल विझेल. कोंकणचा कोळी पावसाळ्यांत होडी ओढून ठेवतो व नारळी पुनवेला दर्याची पूजा करतो. मासळीला वाढूं देणें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. अशी मुदतीची बंदी आम्हांस कबूल आहे. पण कायमचें दार लावणें ही राखण नव्हे, ही हकालपट्टी होय.

पलीकडच्या मध्यप्रदेशचा दाखला घ्या. तेथील सरकारनें पेंचच्या विस्थापितांना मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्यांविरुद्ध अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९७ सालीं न्यायालयानें परवाने मोडले नाहींत, अटी घातल्या. प्रत्येकापाशीं फोटोचें ओळखपत्र असावें, कांठावर विस्तव पेटवूं नये, रोजच्या मासळीची नोंद व्हावी. वाघ जपावा, पण त्या रानांत पूर्वीं राहिलेल्यांच्या पोटाचाहि विचार व्हावा, असें न्यायालयानें म्हटलें. जें काम अटींनीं भागतें, त्यासाठीं बंदी कशाला?

शिवाय २००६ सालचा वनहक्क कायदा आहे. रानांतल्या पाण्यांतील मासळीवर गांवाचा सामुदायिक हक्क त्यांत लिहिला आहे. तो आदिवासींना आहे, तसाच पिढीजात रानावर जगणाऱ्या इतरांनाहि आहे. मात्र इतरांना तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, वहिवाट दाखवावी लागते. म्हणून ढीवर बांधवांनो, आजच कामाला लागा! जुने कागद शोधा. गांवच्या म्हाताऱ्यांच्या जबान्या लिहून घ्या. त्याहि पुराव्यांत धरल्या जातात. दावा ग्रामसभेपुढें ठेवा, ठराव करा आणि पोंचपावती घेतल्याशिवाय उठूं नका. तोंडी आश्वासन वाऱ्यावर जातें, कागद टिकतो.

एक कडू गोष्टहि सांगतों. पाण्यांत सुरुंग उडवणारा आणि विष कालवणारा आपल्यांत असेल तर त्याला आपणच आवरलें पाहिजे. रात्रीं चोरून जाळें टाकणाऱ्याला दंड बसतो, आणि दिवसा सनदशीर हक्क मागणाऱ्याचीहि त्यानें मान खालीं जाते. गोंड आणि ढीवर यांनीं वेगळे अर्ज करून आपसांत भांडूं नये. पाणी एक, तर मागणीहि एकच असूं द्या.

भीक मागूं नका, हक्क मागा. ज्यांच्या शेतांवर हें पाणी उभें आहे, त्यांनाच त्या पाण्याच्या कांठावरून हाकलूं देऊं नका!