जत्रेतलं नाटक आणि आपली मराठी



चोर्ला घाट उतरलात की आमची साखळी लागते. तुमच्यातले बरेच जण त्या वाटेनं जाता, पण दिवसा. जत्रेच्या दिवसांत एखादी रात्र थांबून बघा. पालखी देवळात परतते, खाज्याच्या दुकानांवर गर्दी होते आणि मांडवात नाटक सुरू होतं. मराठी नाटक. दिवसभर ज्या तोंडानं कोकणी बोलली, त्याच तोंडानं रात्री संभाजीमहाराजांचे संवाद. यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही.

1987 च्या कायद्यानं कोकणी गोव्याची राजभाषा झाली. मराठीचा सरकारी कामात वापर करता येईल, एवढी तरतूद राहिली. दर्जाचा तो लढा चालू आहे आणि चालू राहिलाच पाहिजे. पण जत्रेत उभं राहायला मराठीनं कुठल्या कचेरीची परवानगी मागितली नाही, हेही लक्षात घ्या.

नाटक करतात कोण? गवंडी, शाळामास्तर, बसचा कंडक्टर, खाणीवरचा ट्रकवाला. कामावरून आल्यावर तालीम, तीही महिना-दीड महिना. पडदे भाड्याचे, पेटी-तबलेवाला शेजारच्या गावचा. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा वर्गणी मागायला जाताना पाय अडखळायचे. तरी आमच्या वाड्यावरचं नाटक चुकलं नाही. प्रयोग नेहमी चांगलाच होतो असं नव्हे! पाठांतर कच्चं असतं, प्रॉम्प्टरचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो. पण पहाटेपर्यंत माणूस हलत नाही.

आता माझी खरी काळजी सांगतो. गेल्या काही वर्षांत तालमीला येणारी पोरं आपला भाग मोबाइलवर रोमन अक्षरांत उतरवून घेतात. आवाज खणखणीत, हावभाव उत्तम, पण देवनागरीचं पान पुढं ठेवलं की बोट ठेवून वाचतात. गोव्यात 2011 साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचा निर्णय झाला, त्याची फळं आम्हाला तालमीत दिसतात. तुमच्याकडे मराठी शाळा टिकवण्याची झुंज आहे. दुखणं एकच, कारणं वेगळी. त्यामुळं आम्ही आता पहिले आठ दिवस नुसतं वाचन घेतो. छापील संहिता हातात, मोबाइल बाजूला. कंटाळतात, पण येतात.

आणि रंगभूमीला सीमा कुठली? ‘संगीत शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगलं, ते लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ बघून. म्हणजे कन्नडशी आपलं वैर नाही. भांडण आहे ते मराठी माणसाच्या हक्कासाठी, सरकारशी. आमच्या सत्तरीतलं रणमालं तर घाटाच्या दोन्ही अंगांना माहीत आहे. कलाकारच मागं रांगेनं उभे राहतात, तोच पडदा.

म्हणून एक मागणं आहे. खानापूर, बेळगावच्या गावांनी आपल्या जत्रांच्या तारखा आम्हाला कळवाव्यात. आम्ही एक नाटक घेऊन घाट चढतो, तुम्ही एक घेऊन उतरा. मानधन नको. जेवण आणि पेटीवाला तुमचा, पडदे आमचे. तारखा दिवाळीपूर्वी कळल्या तर बरं, कारण नंतर आमचे पडदेवाले मिळत नाहीत.